हिरवा ठिपका बघितला, मागची बाजू कोण वाचणार?



चातुर्मास तोंडावर आला आहे. दरवर्षी या दिवसांत मी डाळी-कडधान्यं निवडून ठेवण्याबद्दल, पाणी गाळायचं फडकं बदलण्याबद्दल असं काहीतरी लिहिते. या वेळी जरा कडू लिहिणार आहे. आपल्याच घरातलं आहे, म्हणून आधी माझ्याच घरापासून सुरुवात करते.

माघ महिन्यात मी पुण्याला मुलाकडे होते. खराडीकडे राहतात दोघं. सूनबाईंना महिनाभर कामाचा फार ताण होता, नातू दुसरीत, म्हणून मी गेले. त्यांच्या सोसायटीजवळ एक मोठं दुकान आहे, सगळा परदेशी माल. आपल्या धाराशिवच्या किराणा दुकानात जसं तूर, मूग, हरभरा असे कप्पे असतात, तसे तिथे देशांचे कप्पे. इटलीचा कप्पा, जपानचा, थायलंडचा, मेक्सिकोचा. गार हवा, मंद गाणी, आणि फळीवर एकेक बरणी अशी मांडलेली की हात लावायला भीती वाटावी.

मी तिथून न्याहारीचं एक पाकीट आणलं. ओट्स, बदाम, सुकी फळं असं भाजून एकत्र केलेलं, ज्याला ही मुलं ग्रॅनोला म्हणतात. पाकीट मी स्वतः निवडलं. चष्मा लावून हिरवा ठिपका शोधला. पाकिटावर एक पांढरी चिकटपट्टी होती, तिच्यावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. मनाला समाधान झालं. घरी आले आणि रोज सकाळी दुधात घालून मी आणि नातू ते खाऊ लागलो.

सातव्या दिवशी नातू पाकीट समोर ठेवून एकेक अक्षर लावत वाचत बसला होता. नवीन नवीन वाचायला आलं की मुलं भिंतीवरची जाहिरातसुद्धा सोडत नाहीत. मध्येच त्याने विचारलं, "आजी, हनी म्हणजे मध ना?"

माझा हात जागीच थांबला.

मधाचा त्याग मी सोळाव्या वर्षी आईबरोबर कुंथलगिरीला केला होता. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. लग्नात नाही, बाळंतपणात नाही, औषधाच्या चाटणात नाही, कधी मध तोंडात गेला नाही. वैद्यांनी मधातून दिलेली मात्रा मी गुळाच्या पाण्यातून घेतली. आणि सहा दिवस मी स्वतःच्या हाताने वाटीत मध घालून घेत होते, नातवालाही देत होते. समोरच्या बाजूला ठिपका हिरवा होता. मागच्या बाजूला तिसऱ्या शब्दावर मध लिहिला होता. मी समोरचं बघितलं होतं, मागचं वाचलं नव्हतं.

दुकानदाराने मला फसवलं नाही, कंपनीने काही लपवलं नाही, हे आधी सांगते. सगळं कायद्याप्रमाणे होतं. आणि दुखणं नेमकं तिथेच आहे.

तो ठिपका कुणाचा आहे?

आपल्याला वाटतं हिरवा ठिपका म्हणजे आपला ठिपका. २००१ साली सरकारने पाकिटांवर शाकाहार-मांसाहाराची खूण सक्तीची करायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या घराघरांत तो ठिपका जणू तपासनीस होऊन बसला आहे. मुलांना आपण अक्षरं शिकवायच्या आधी ठिपका शिकवतो. "हिरवा बघून घे रे" एवढं सांगितलं की आपलं कर्तव्य संपलं.

पण त्या ठिपक्याची व्याख्या वाचलीत का कधी? मी आत्ता वाचली, उशिरा का होईना. २०२० च्या लेबलच्या नियमांत मांसाहारी अन्न कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. प्राणी, पक्षी, कीटक, जलचर, अंडी किंवा प्राण्यापासून मिळालेला कुठलाही पदार्थ ज्यात आहे ते मांसाहारी. आणि मग पुढे वगळलेल्या गोष्टींची यादी येते: दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचं मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक. शेलॅक म्हणजे लाख. लाखेच्या किड्यापासून मिळते. गोळ्या-चॉकलेटांना जी चकाकी असते ती पुष्कळदा हिचीच.

म्हणजे मध असलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका लावणं पूर्णपणे नियमात बसतं. सरकारची काही चूक नाही. सरकारने देशभरातल्या सगळ्या शाकाहारी लोकांसाठी एक मोजमाप केलं, आणि त्यातल्या पुष्कळांना मध चालतो. मोजमाप आपल्यासाठी केलेलंच नव्हतं, आपणच ते आपलं समजून बसलो.

दुसरी गोष्ट. परदेशी पाकीट तिकडे छापलं जातं तेव्हा त्यावर आपला ठिपका नसतोच, कारण त्या देशात तो नियमच नाही. माल इथे उतरल्यावर आयात करणारा व्यापारी आपल्या नाव-पत्त्याची आणि परवाना क्रमांकाची चिकटपट्टी लावतो, ठिपकाही तिच्यावरच लावला तरी चालतो. तेही नियमाला धरूनच. पण इतकं लक्षात ठेवा, की ज्याने तो पदार्थ शिजवला त्याला आपला ठिपका म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही.

आणि तिसरी. जैन आहारासाठी अशी कुठलीही सरकारी खूण नाही. पाकिटावर "जैन" असं लिहिलेलं असतं, ते कंपनीने लिहिलेलं असतं. तिच्या मते जैन म्हणजे बहुधा कांदा-लसूण नाही, एवढंच. "व्हीगन" लिहिलेलं बघून काही जणी निर्धास्त होतात. त्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत, त्यात प्राणिजन्य काहीच चालत नाही, दूधही नाही, मधही नाही. पण बटाटा, कांदा, लसूण, मशरूम, यीस्ट सगळं चालतं. ते त्यांच्या धर्माने बरोबर आहेत. आपला धर्म वेगळा आहे.

मद्य, मांस, मधु आणि मागची बाजू

आपल्या पाठशाळेत अष्टमूलगुण सगळ्यांनीच पाठ केले आहेत. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हिंसा टाळू पाहणाऱ्याला पहिल्यांदा सांगितलं ते हेच, की मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळं सोड. आपल्याला वाटतं ही आठ तर आपली जन्मजात सुटलेलीच आहेत, यात काय एवढं. त्या परदेशी फळ्यांसमोर उभं राहून एकेक मोजून बघा.

मद्य. केकात घालतात तो व्हॅनिलाचा अस्सल अर्क. अमेरिकेत त्याला अर्क म्हणायचं तर त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावंच लागतं, तसा तिथला नियम आहे. वाइनपासून केलेला व्हिनेगर आहे. आंबवलेला कोम्बुचा नावाचा चहा आहे, तो तर आता आरोग्याचा म्हणून पितात.

मांस. तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही बघतोच. बघता का? जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतं, मऊ गोळ्यांत आणि थरथरणाऱ्या मिठायांत असतं. कारमाइन नावाचा सुंदर गुलाबी रंग किडे वाळवून, चिरडून काढतात, लेबलवर त्याचा क्रमांक १२०. इटलीच्या अस्सल पार्मेजानो चीजला वासराच्या जठरातलं रेनेट लागतंच, त्याशिवाय त्याला ते नावच लावता येत नाही. थाई करीच्या तयार वाटणात पुष्कळदा सुक्या कोळंबीचं वाटण असतं. वूस्टरशायर सॉस नावाच्या तपकिरी बाटलीत मूळ कृतीप्रमाणे अँकोव्ही नावाचे बारके मासे असतात. भिशीला "जैन थाई करी" करून आणणाऱ्या मैत्रिणींनो, वाटण घरी केलं होतंत की बरणीतलं, एवढंच विचारते.

बऱ्याच वेळा तर नावही नसतं, नुसता आकडा असतो. ६३१ हा चव वाढवणारा पदार्थ मांस किंवा माशांपासूनही करतात आणि वनस्पतींपासूनही. ४७१ चंही तसंच, तेलापासूनही होतं आणि चरबीपासूनही. आकडा तोच. याच प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसता सांकेतिक क्रमांक लिहून भागणार नाही. घटक वनस्पतीपासूनचा आहे, प्राण्यापासूनचा आहे की प्रयोगशाळेतला, हे सांगितलं पाहिजे, मग त्याचं प्रमाण कितीही थोडं असो. आपण काय खातो हे कळणं हा माणसाचा हक्क आहे, असंच त्याचं सार. म्हणजे कोर्टसुद्धा आपल्या बाजूने बोललं. आता आपण वाचायचं की नाही?

मधु. त्याची कथा वर सांगितलीच. न्याहारीची पाकिटं, बिस्किटं, सॉस, चॉकलेटं, कुठे कुठे मध असतो ते बघाल तर थक्क व्हाल.

आणि उदुंबर. वड, पिंपळ, उंबर हे कोण खातं, असं आपण म्हणतो. त्याच जातीचं अंजीर मात्र तुर्कस्तानच्या नावाने सोनेरी कागदात गुंडाळून दिवाळीला भेट म्हणून एकमेकींच्या घरी पोचतं. खाते कोण? आपणच.

आठातले आठही तिथे आहेत, आणि बहुतेकांवर लाल-तपकिरी खूण नाही.

"अशा दुकानात पायच ठेवू नये"

हे वाचून काही काकू-मावश्या म्हणतील, आम्ही तर आधीच सांगत होतो, परदेशी ते बाटलेलंच. तिथे मांस विकतात, त्या दुकानाची पायरीही चढू नये.

काकू, तुमचा मान ठेवून सांगते, हेही मला पटत नाही.

आपला जिल्हा काय आहे ते आठवा. धाराशिवपासून जवळच तेर आहे. तेच जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात तगरचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मातीत किती दूरदूरच्या व्यापाराच्या खुणा सापडल्या आहेत. आपला समाज व्यापारी. दुसऱ्या देशाचा माल घेणं-देणं पाप असतं, तर आपल्या पूर्वजांनी दुकानंच उघडली नसती.

आणि आज तुमच्या स्वयंपाकघरात परदेशी काय नाही? मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, पपई, पेरू हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. बटाटा आपण कंदमूळ म्हणून सोडला, परदेशी म्हणून नाही. मिरची परदेशी असून ठेच्यात घातली. उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंदही तिकडचाच. आपल्या जिल्ह्यात तूर पिकते, तरी देशाला पुरत नाही म्हणून म्यानमार, मोझांबिक, टांझानियाहून तूर येते. कुठल्या पोत्यातली डाळ तुमच्या वरणात आली, सांगता येईल? सूर्यफुलाचं तेल रशिया, युक्रेन, अर्जेंटिनाहून येतं. बदाम पुष्कळसे कॅलिफोर्नियाचे. आणि गंमत बघा, आपली ज्वारी, जी विकायला शेतकरी बाजार समितीत दिवसभर ताटकळतो, तीच पीठ होऊन त्या गार दुकानात "ग्लुटेन फ्री" म्हणून कितीतरी पट भावाने बसली आहे. तिला तिथे बघून मला तर ओळखीचं कुणीतरी साहेबी कपड्यांत भेटल्यासारखं वाटलं.

तेव्हा माल कुठून आला हा आपला प्रश्न नाही. तो कशाचा झाला, कुणाचा जीव घेऊन झाला, आणि मला तो कशाला हवा, हे आपले प्रश्न आहेत. हे प्रश्न पुण्याच्या परदेशी दुकानात विचारायचे, तसेच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही विचारायचे. कुंथलगिरीहून येताना आपण पेढ्याचे खोके भरून आणतो, त्या खव्याला कधी मर्यादा विचारतो का? मीही विचारलेली नाही. देशी म्हणून एकाला माफी आणि परदेशी म्हणून दुसऱ्याला शिक्षा, हा विवेक नव्हे, नुसती सवय.

राहिला प्रश्न, मांस विकणाऱ्या दुकानातून घ्यावं का. ज्यांची तशी प्रतिज्ञा आहे त्यांनी घेऊ नये, त्यांच्या त्यागाची मी अनुमोदनाच करेन. मी स्वतः तिथलं सुटं, कापलेलं, वजन करून दिलेलं काही घेत नाही, बंद पाकीटच घेते. पण पुण्या-मुंबईत नोकरी करून रात्री आठला घरी येणाऱ्या मुलीला "पायरी चढू नको" एवढंच सांगून आपण मोकळ्या होतो, तेव्हा आपण तिला काही शिकवत नाही. ती जायची ती जाणारच. फक्त आपल्याला सांगणार नाही.

ज्यांच्याकडे ठिपका नाही त्या

माझी एक भाची बरीच वर्षं अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. तिच्या लेखी आपला पापड, मेतकूट, ज्वारीचं पीठ हा परदेशी किराणा. ती सामान आणायला निघाली की दोन दुकानं करते, एक इंडियन ग्रोसरी, एक तिथलं साधं. घडलेला प्रकार मी तिला फोनवर सांगितला. मला वाटलं होतं ती हळहळेल. ती म्हणाली, "मावशी, इकडे ठिपकाच नाही गं. त्यामुळे आम्हाला पहिल्या दिवसापासून मागची बाजू वाचावी लागते. माझी पोरगी दहा वर्षांची आहे, तिला जिलेटिन, रेनेट, लार्ड, अँकोव्ही हे शब्द पाढ्यांसारखे येतात."

त्या बोलण्यावर मी रात्रभर विचार केला. जिथे कुणी आपल्यासाठी खूण करत नाही, तिथल्या जैन मुली वाचायला शिकल्या. आपल्याला खूण मिळाली आणि आपण वाचायचं सोडून दिलं. माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं, पण तिच्या घरात आलेला दाणा तिने निवडल्याशिवाय शिजवला नाही. निवडणं, चाळणं, गाळणं, बघून घेणं, यालाच तर आपण शोध म्हणतो. मी इंग्रजी शिकले, पदवी घेतली, आणि माझा शोध एका ठिपक्यावर संपला. आईपेक्षा मी पुढे गेले की मागे, तुम्हीच सांगा.

ज्यू लोकांचं उदाहरण घ्या. त्यांचेही खाण्याचे नियम फार कडक. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी सरकार काही करेल म्हणून वाट पाहिली नाही. स्वतःच्या संस्था काढल्या, जाणकार माणसं कारखान्यात पाठवली, आणि पसंत पडलं तर पाकिटावर आपली खूण लावायला लावली. वर्तुळात यू असं अक्षर असलेली खूण त्या दुकानातल्या पुष्कळ पाकिटांवर तुम्हाला दिसेल, ती त्यांची. ती आपल्या कामाची नाही, मासे त्यांना चालतात. पण शिकण्यासारखं आहे ते हे, की आपल्या धर्माची काळजी त्यांनी आपणच घेतली. आपण पंचकल्याणकाला लाखो रुपये उभे करतो. पाकिटं वाचणारी चार माणसं नाही उभी करू शकत?

आणि दोष सूनबाईंचा?

आता सगळ्यात कडू भाग.

पुण्याहून आल्यावर मी एका माताजींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, काही दिवस एकेक रस सोडायला आणि जाप करायला सांगितलं, आणि म्हणाल्या, पुढे वाचून घ्या. रागावल्या नाहीत.

नंतर मंदिरात स्वाध्याय संपल्यावर मी ते आपल्या चार-पाच जणींत बोलले. बोलणं पुरं व्हायच्या आत एक वहिनी म्हणाल्या, "हल्लीच्या सुनांना कशाचं काही पडलेलंच नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "पुण्याच्या सुना अशाच." एकीने तर माझी कीव केली, "या वयात तुम्हाला सुनेपायी व्रताला बट्टा."

पाकीट मी आणलं होतं. ठिपका मी बघितला होता. सूनबाई त्या वेळी ऑफिसात होत्या. आणि खरं सांगते, मैत्रिणींनो, त्या क्षणी मी गप्प बसले. दोन मिनिटं का होईना, मला बरं वाटलं, की दोष माझ्यावर आला नाही. मधाचं प्रायश्चित्त मी घेतलं. या दोन मिनिटांचं प्रायश्चित्त म्हणून हा लेख आहे.

आपल्या घरात धर्म पाळायचा तो सगळ्यांनी, आणि मोडला तर तो सुनेने. मुलगा फोनवर दहा मिनिटांत हवं ते मागवतो, त्याला कुणी विचारत नाही. नातवाच्या वाढदिवसाला काका परदेशी चॉकलेटांचा डबा आणतात, त्यांचं कौतुक होतं. पण स्वयंपाकघरात काही चुकीचं निघालं की सगळ्या माना सुनेकडे वळतात. म्हणूनच या मुली आपल्यापासून पाकिटं लपवतात. सासूबाई येणार म्हटलं की आधी फ्रीज रिकामा करतात. लपवलेल्या पाकिटाची मागची बाजू कोण वाचणार? भीतीने घर शुद्ध दिसतं, होत नाही.

मी सूनबाईंची माफी मागितली, फोनवर नाही, समोर बसून. त्या म्हणाल्या, "आई, मलाही माहीत नव्हतं की ठिपका असून मध असतो. मला कुणी सांगितलंच नाही." खरंच होतं ते. मलाच माहीत नव्हतं तर मी काय सांगणार?

या चातुर्मासात काय करू या

नुसती टीका करून उठायचं नाही, म्हणून माझं म्हणणं मांडते.

महिला मंडळाची एक बैठक यासाठी ठेवू या. प्रत्येकीने घरातली पाच पाकिटं आणायची, देशी-परदेशी कुठलीही. भिंग आणायचं. शाळा-कॉलेजातल्या मुलींना बसवायचं आणि मागची बाजू मोठ्याने वाचायला लावायची. नियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की झालं, मराठीची सक्ती नाही. आपल्या कितीतरी सासवा-आज्या मराठी चांगलं वाचतात आणि तरी स्वतःच्या ताटातल्या गोष्टीपुढे निरक्षर ठरतात. त्यांना हे ऐकू तरी येऊ दे. मुलींनाही कळू दे की त्यांचं इंग्रजी नोकरीखेरीज कशाच्या उपयोगाचं आहे.

शंका आली तर विचारायचं. पाकिटावर ग्राहकांसाठी फोन किंवा ईमेल दिलेला असतो. "हा घटक वनस्पतीचा की प्राण्याचा?" एवढं विचारायला लाज कसली? उत्तर आलं तर वहीत लिहून ठेवू. नाही आलं तर वस्तू परत फळीवर. "मसाले" किंवा "नैसर्गिक स्वाद" अशा एका शब्दाखाली काय काय दडलं आहे ते पाकीट सांगत नसेल, तर आपण ते विकत घेण्याचं काही कर्ज काढलेलं नाही.

आणि सगळ्यात शेवटी, जे माझ्या मते सगळ्यात आधी यायला हवं. वाचून, विचारून, सगळं निर्दोष निघालं तरी मला ते हवं का? समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगपरिमाण सांगितलं आहे. एकदा वापरून संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग, दोन्हींना आपणच माप घालायचं. ठराविक काळासाठी घातलं तर तो नियम, जन्मभरासाठी घातलं तर तो यम. त्यांनी माप घालायला सांगितलं ते निर्दोष वस्तूंनासुद्धा. सदोष वस्तू तर आधीच सुटल्या. माझ्या मुलाच्या फ्रीजच्या दारात मी मोजल्या, सतरा बाटल्या होत्या, त्यातल्या अकरा अर्ध्यावर सोडलेल्या. सगळ्या शाकाहारी निघाल्या असत्या, तरी त्या अकरा बाटल्यांना काय म्हणायचं?

आपल्या घरी पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. आपण सगळ्याच पाळतो असं नाही, नोकरी करणारीला ते कठीण आहे, मी समजते. पण ती मर्यादा ठरवणाऱ्यांनी दर तीन दिवसांनी आपल्याला डब्याकडे बघायला लावलं होतं. पाकिटावरचे बारा महिने आपल्याला वर्षभर बघूच देत नाहीत.

या चार महिन्यांचा माझा नियम असा: मागची बाजू पूर्ण वाचल्याशिवाय कुठलंही पाकीट घरात येणार नाही, आणि जुनी बाटली संपल्याशिवाय नवी येणार नाही. सूनबाईंनीही पुण्यात तोच घेतला आहे. आणि मुलानेही. तो नाही म्हणत होता, नातवाने त्याला घ्यायला लावला. नातू सध्या घरातलं प्रत्येक पाकीट वाचतो. परवा फोनवर सांगत होता, "आजी, आज एक वाचलं, त्यात काहीच वाईट नव्हतं." मी विचारलं, मग घेतलंस? म्हणाला, "नाही, घरी आधीचं आहे ना."

कुंथलगिरीला कुलभूषण-देशभूषण मुनींच्या पायाशी उभ्या राहाल तेव्हा एक गोष्ट आठवा. याच डोंगरावर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर देह ठेवला. त्यांनी शेवटी अन्नच सोडलं. आपल्याला कुणी अन्न सोडायला सांगत नाही. आपल्याला फक्त वाचायला सांगितलं आहे.

बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. त्या दिवशी मंदिरात सुनांबद्दल बोललेल्या वहिनींनाही माझी क्षमा, आणि त्यांनी आपल्या सुनेची मागावी ही विनंती. बैठकीचा दिवस ठरला की कळवते. पाकिटं आणायला विसरू नका, लपवलेली सुद्धा.

जय जिनेंद्र.